रुसणारा कॉम्प्युटर

माझे काका रेडिओवर कॉम्प्युटर होते. म्हणजे एका विनोदी श्रुतिकेत ते अंतराळयानाच्या कॉम्प्युटरचं काम करायचे. आवाज यंत्राचा वाटावा म्हणून तोंडापुढे पत्र्याचा डबा धरून बोलायचे. हा कॉम्प्युटर महामानी. कप्तान जरा ओरडला की रुसून बसायचा. समोरून उल्का येत असली तरी ढिम्म हलायचा नाही. मग कप्तान लाडीगोडी लावायचा, "तुमच्याएवढं डोकं आहे का कुणाला?" की स्वारी खूश आणि यान वाचलं. दर भागाचा शेवट हाच, तरी लोक पोट धरून हसायचे. सगळ्यात जास्त काकू.

तिला हसू येणारच. काका घरीही तसेच होते. कुणी आवाज चढवला की भिंतीकडे तोंड करून बसायचे. काकू चहाचा कप आदळून म्हणायची, "तुमच्याएवढं डोकं आहे का कुणाला?" काका वळून कप उचलायचे. मूल ना बाळ, पण त्या दोघांचं भांडण कधी चहाच्या पुढे गेलं नाही.

श्रुतिका बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर एका इस्पितळानं रुग्णवाहिका बोलवायच्या फोनवरची माणसं काढून यंत्र बसवलं. यंत्राला भारदस्त आवाज हवा होता, तो काकांनी दिला. डब्याची गरज पडली नाही म्हणून ते जरा हिरमुसले होते. काकू मात्र सगळ्यांना सांगत सुटली, आमचे हे आता खरेखुरे कॉम्प्युटर झाले.

त्या दुपारी मी औषधं घेऊन परत आले तर काकू ओट्यापाशी आडवी पडलेली, छाती धरून. काका हातात फोन घेऊन तिच्याशेजारी बसलेले.

"माफ करा, मला समजलं नाही. कृपया पत्ता पुन्हा सांगा," फोनमधून काकांचाच आवाज आला, शांत, भारदस्त.

काकांना रडू फुटलेलं. पत्त्याचा एक शब्द धड बाहेर पडेना. "अरे, मर तू," ते ओरडले.

"माफ करा, मला समजलं नाही."

काकांनी डोळे पुसले. मग आवाज खाली आणून, अगदी अजिजीनं म्हणाले, "चुकलं माझं. तुमच्याएवढं डोकं आहे का कुणाला? एवढं ऐका हो."

"माफ करा, मला समजलं नाही."

मी खाली धावले. खालच्या शिंप्यानं गाडी काढली. काकू वाटेतच गेली.

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, असं शेजारी म्हणतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. डोकं फिरलं नव्हतं. माणूस जन्मभर जे करून सावरत आला तेच त्यानं केलं. ओरडल्यामुळे ते रुसलं, असं त्यांना वाटलं.

दिवसकार्य आटोपल्यावर काका एकदाच त्याबद्दल बोलले.

"ते रुसलं नव्हतं गं," ते म्हणाले. "रुसायला आधी दुसऱ्याचं ऐकावं लागतं."

हल्ली ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. मी शेजारी चहा ठेवते. काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, पण तोंडातून शब्द निघत नाही, आणि चहा निवून जातो.