प्रधान मावशींचं रविवारचं घड्याळ

बेसिनचं भोक बंद केल्याशिवाय प्रधान मावशी मनगटावरचं घड्याळ उतरवत नसत. दर रविवारी सकाळी दहाला हे चालायचं. आधी रबरी बूच, मग बेसिनमध्ये घडी घातलेला टॉवेल, मग हातातल्या दोन बांगड्या खिडकीत. त्यानंतर घड्याळ. "चावी?" त्या विचारायच्या. मी घड्याळाच्या कडेची चावी घट्ट बसली आहे ना ते बघून "बंद" म्हणायचे, आणि मगच त्या कोमट पाण्याला हात लावायच्या. चावी सैल राहिली तर आत पाणी जातं, हे त्यांनी मला पहिल्याच रविवारी बजावलं होतं. लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आणि लहान मुलांचाच मऊ ब्रश. पट्ट्याच्या कड्याकड्यांतून तो फिरायचा तेव्हा मावशी श्वास रोखून धरायच्या, आणि का कोण जाणे, मीही.

मावशी एका मंत्रालयात छत्तीस वर्षं स्टेनो होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिल्लीत मुनिरकाजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी साधा सोफासुद्धा घेतला नाही. परदेशी बनावटीचं हे जड, पोलादी, पुरुषी घड्याळ मात्र घेतलं. नातेवाईक हसले. "बायका बांगड्या करतात, तुम्ही हे काय?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "छत्तीस वर्षं साहेब लोक मनगट बघून मला 'उशीर झाला' म्हणाले. आता मी बघते आणि मी म्हणते."

माझी त्यांची ओळख बाबांमुळे झाली. बाबा फौजेत नाईक आहेत. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये आम्ही तीन वर्षं होतो. त्यांची बदली सीमेवर झाली, आई आणि धाकटा भाऊ गावी परतले आणि मी कॉलेजसाठी मुनिरकातल्या एका भाड्याच्या खोलीत राहिले. जाण्याआधी बाबा मला मावशींच्या दारात घेऊन गेले. कुणाकडून तरी पत्ता मिळवला होता. "मराठी घर आहे, अडीनडीला असू दे," एवढंच ते म्हणाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फॉर्म कुठे द्यायचा, कुणाला 'सर' म्हणायचं आणि कुणाला 'मॅडम', हेही मला ठाऊक नव्हतं. मावशींनी शिकवलं. माझा पहिला इंग्रजी अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "यात तू चारदा माफी मागितली आहेस. केलंयस काय तू? शिष्यवृत्तीच मागतेयस ना?"

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं. ब्रश माझ्या हातात आला आणि मावशी शेजारी स्टुलावर बसून बघू लागल्या. त्यांच्या भाच्याला, सुहासदादाला, हे पसंत नव्हतं. तो गुडगावला कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. माझ्यासमोरच तो म्हणाला होता, "आत्या, यार, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दे ना. ही मुलगी प्रॅक्टिकली अनोळखी आहे." मावशी म्हणाल्या, "अनोळखी तूही होतास. जन्मलास तेव्हा."

सुहासदादाच्या धाकट्या भावाचा साखरपुडा फरीदाबादला होता. तोही रविवारीच. बाराला दादा गाडी घेऊन येणार होता. त्या दिवशी घड्याळ नेहमीपेक्षा छान दिसावं असं मला फार वाटत होतं. पट्ट्याचं लॉक मला नेहमी मंद, निस्तेज वाटायचं. लहानपणी बाबांच्या परेडच्या पट्ट्याचं पितळी बकल घासायचं काम माझ्याकडे होतं. "तोंड दिसलं पाहिजे त्यात," बाबा म्हणायचे, आणि दिसेपर्यंत मी घासायचे. त्याच पॉलिशचा अर्धा डबा माझ्या ट्रंकेत होता. तो मी पर्समध्ये घालून नेला.

मावशी आत फोनवर होत्या. मी घड्याळ धुतलं, पुसलं, आणि फडक्यावर पॉलिश घेऊन लॉक घासायला लागले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. फडकं काळं झालं. लॉकमध्ये मला माझा डोळा दिसला आणि आनंद झाला. मग मी बाकीच्या पट्ट्याकडे पाहिलं. प्रत्येक कडीवर केसाइतक्या बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेने, मुद्दाम ओढलेल्या. त्या रेघांमुळेच पोलाद मंद दिसायचं. तो मळ नव्हता, ते कारागिराचं काम होतं. लॉकवरून ते मी कायमचं पुसून टाकलं होतं.

"झालं का गं?" आतून आवाज आला.

"झालं मावशी."

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. या शहरात ज्या दारावर मी न विचारता टकटक करू शकत होते ते एकच दार होतं, आणि ते बंद होईल एवढंच मला दिसत होतं. मी त्यांच्या मनगटावर घड्याळ चढवलं. लॉक खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं. मावशींनी अंगठा त्यावरून फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आणखी काही?"

"नाही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

संध्याकाळी सुहासदादाचा फोन आला. "उद्या सकाळी आत्याकडे ये. एकटी ये." सकाळी मी गेले तेव्हा तो घड्याळ टेबलावर पालथं ठेवून बसला होता. "काल आत्याला हात धरून गाडीतून उतरवताना बघितलं. हे ओरिजिनल लॉक नाही," तो म्हणाला. "कोणीतरी बदललंय. सीधी बात विचारतो, ओरिजिनल कुठे आहे?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी चोर ठरत होते. मी पर्समधून पॉलिशचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बकल, बाबा, परेड, सगळं. वाक्यं नीट येत नव्हती.

"अच्छा? मग काल का नाही बोललीस?"

मावशींनी घड्याळ उचलून अंगठा पुन्हा लॉकवरून फिरवला. "सुहास, लॉक तेच आहे. हिने घासलंय. मला काल हात लावताच कळलं होतं."

दादा उठूनच उभा राहिला. "तुला माहीत होतं? आणि मी रात्रभर..."

"तू मला विचारलंस कुठे? तू थेट तिला बोलावलंस." मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मी साखरपुड्यात बसले होते, आणि फोन मांडीवर होता. म्हटलं, आता करेल, जेवण झाल्यावर करेल. डिक्टेशन घेताना माझा शब्द सुटायचा. साहेब ओरडतील म्हणून पहिल्या वर्षी मी तो मनाने घालायची. एकदा तशा पत्रावर सही झाली आणि ते चुकीचंच गेलं. ओरडा खाल्ला असता तर दोन मिनिटांत संपलं असतं. लॉक गेलं त्याचं मला काही नाही. पण काल दिवसभर तू मला ताटकळत ठेवलंस."

मी माफी मागितली. दादाने मला "सॉरी" म्हटलं नाही, पण जाताना डबा उचलून परत माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी जावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. गेले. मावशींनी दार उघडलं, मला स्टुलावर बसवलं आणि थरथरत्या हाताने घड्याळ स्वतः धुतलं. ब्रश दोनदा निसटला. मी उठले तर म्हणाल्या, "बस." असे चार रविवार गेले. लॉक त्यांनी दुरुस्तीला दिलं नाही आणि त्याविषयी पुन्हा एक शब्दही काढला नाही.

मावशी आता नाहीत. त्या गेल्यावर दादाने मला फोन करून बोलावलं, आम्ही दोघांनी मिळून त्यांची कपाटं आवरली. पण त्यांची आठवण आली की मला पाचवा रविवार आठवतो.

त्या दिवशी त्यांनी बूच लावलं, टॉवेल घातला, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि कणीक मळायला निघून गेल्या. चावी मी तीनदा तपासली. धुताना उजेडात काचेच्या कडेला एक बारीक चरा दिसला. आधीचा होता की आत्ता माझ्या हातून पडला, सांगता येईना. ब्रश तसाच हातात धरून मी ओरडले, "मावशी! काचेवर चरा दिसतोय. मी पाडला का ते कळत नाही."

त्या कणकेच्या हातांनीच आल्या. वाकून, चांगला डोळा जवळ नेऊन खूप वेळ बघत राहिल्या. नळ थेंब थेंब गळत होता.

"जुना आहे," त्या म्हणाल्या. "दाराच्या कडीला मीच आपटलं होतं."

आणि मला घड्याळापाशी एकटी सोडून त्या परत स्वयंपाकघरात गेल्या.