दम घ्यायला थांबणाऱ्या काकू

लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि मराठी आमची घरापुरतीच. पण त्या काकूंबद्दल कोणीतरी लिहायला हवं.

हरवलेली माणसं शोधणाऱ्या टीमसाठी गावाबाहेर रुआबांध्याजवळच्या झुडपांत आमचं प्रशिक्षण होतं. काकू खुर्सीपार वस्तीतून आल्या होत्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून. धावण्यात त्या सगळ्यांच्या मागे. आजचा सराव जमला नाही तर टीममध्ये घेता येणार नाही, असं शिकवणाऱ्या सरांनी त्यांना सांगूनच टाकलं होतं.

एक जण हरवल्याचं सोंग घेऊन लपला होता. आम्ही हाका मारत नुसते धावत होतो. काकू मात्र सारख्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"काकू, घरी जाऊन वरण शिजवा!" एकानं टोमणा मारला.

"शिजवूनच आली, बाबू. तू चूप राहशीन तर तो बोलन ना!"

आम्ही ओशाळून गप्प झालो. तेव्हा नाल्याकडून त्या लपलेल्याची बारीकशी शिट्टी ऐकू आली.

"मले दम लागते," काकू हसून म्हणाल्या, "मनून ऐकू येते."

पुढे माझी परीक्षा आली आणि माझं तिकडे जाणं सुटलं. काकूंची निवड झाली का, हे कळलंच नाही.

काल सरांचा फोन आला. मोहफुलं वेचताना जंगलात हरवलेली एक म्हातारी जिवंत सापडली. तिचं कण्हणं काकूंनीच ऐकलं. आता हाका मारून झाल्या की टीमला थांबवायला सर एकच शब्द ओरडतात, "काकू!" आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात.