कट पूर्ण, डोकं वगळून

आमच्या ऑफिसातला माल एक वेळ संपेल, किस्से संपायचे नाहीत. माल निदान ट्रान्सपोर्टने रवाना तरी होतो. किस्से तिथेच पडून राहतात, साठत जातात, आणि मग असं कुणी गप्पा मारायला बसलं की बाहेर निघतात.

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका कापड मार्केटात आमची साड्यांची होलसेल पेढी आहे. मालक रसिकभाई, बिलिंगला मीनाक्षीताई, पॅकिंगला खानदेशातले सुखदेवदादा आणि फोटोला मी. साडीचा फोटो काढायचा, मग तोच पोस्टसाठी चौकोनी, स्टेटससाठी उभा आणि डीपीसाठी गोल करायचा, हे माझं काम. ऐकायला किती सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं!

*

मी नुकतीच लागले होते. एका जांभळ्या साडीच्या पोस्टखाली जालन्याच्या एका व्यापाऱ्याने विचारलं, "कट?"

मला वाटलं, फोटोचं विचारतोय. मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "हो, दोन्ही बाजूंनी थोडा केलाय. नाहीतर बसत नव्हतं."

थोड्याच वेळात रसिकभाई केबिनमधून धावत बाहेर! "बेन, तमे साडी कापी नाखी?"

सुरतेच्या बाजारात कट म्हणजे साडीची लांबी, ब्लाउजपीस धरून. हे परभणीहून आलेल्या मला कुठून माहीत असणार? तिकडे त्या व्यापाऱ्याची खात्रीच पटली, की हे लोक आखूड साड्या विकतात आणि वर तोंडाने कबूलही करतात! रसिकभाईंनी त्याला फोनवर कसंबसं शांत केलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पोस्टखाली एक ओळ ठरलेली असते: "साडीचा कट पूर्ण. कापला आहे तो फोटो."

*

आता मीनाक्षीताई. त्यांचं सासर अमळनेरकडचं. मिस्टर पलसाण्याच्या एका डाइंग युनिटमध्ये. सासूबाई गावाला.

एकदा ठरलेली मॉडेल आलीच नाही. माल तर दुसऱ्या दिवशी पेजवर टाकायचा होता. रसिकभाईंनी ऑफिसभर नजर फिरवली आणि ती उंच, सडसडीत मीनाक्षीताईंवर येऊन थांबली.

ताई पांढऱ्याफटक पडल्या. सासूबाईंनी नोकरीला होकार देताना एकच अट घातली होती: चारचौघांत तोंड दाखवायचं नाही. फोटोबिटो कळला असता तर नोकरी बंद, गाशा गुंडाळून गावाला. आणि त्यांचा ह्या नोकरीवर फार जीव. "माझं टेबल आहे गं इथं," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून मला त्या फार आवडतात.

शेवटी ताईंनीच मार्ग काढला. "साडी नेसते. पण मानेपासून वरचं तू कापायचं."

पहिला फोटो बघून रसिकभाई हादरले. "अरे, पण माथुं क्यां?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "भाई, आपण साडी विकतो. डोकं कुठं विकतो?"

आणि खरंच, त्या साड्या सगळ्यात जास्त खपल्या! मॉडेल कायमची बंद झाली.

*

पेढीच्या डीपीचा किस्सा तर विचारूच नका. रसिकभाईंनी फ्रेम करून भिंतीवर लावलेला फोटो दिला: मध्ये स्वतः, एका बाजूला मधला भाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा. "गोळ करी आपो!"

मी परोपरीने सांगितलं, की गोलात तिघे बसवले तर तिघेही मुंगीएवढे दिसतील. "तो मोटा करो!" मोठा केला. रसिकभाई झकास आले. भावांचा मात्र एकेक कान तेवढा उरला. भाईंना फोटो पसंत पडला, डीपी लागला.

तासाभरात चलथाणहून धाकट्याचा फोन. आवाज अगदी रडवेला.

"मोटाभाई, आपणे छूटा पड्या के शुं?"

धंद्याची वाटणी झाली आणि आपल्याला ते डीपीवरून कळतंय, असं त्याला वाटलं! आता डीपीवर गणपती आहे. त्याच्यावर कुणाचा आक्षेप नाही.

*

सुखदेवदादांनी नवी मोटरसायकल घेतली. तिच्या शेजारी छाती फुगवून उभे राहून फोटो काढला आणि माझ्याकडे आले. मी चौकोनात बसवायला गेले तर एक तर दादा अर्धे कापले जात, नाहीतर गाडीचं पुढचं चाक.

मी विचारलं, "दादा, काय ठेवू?"

दादांना विचारसुद्धा करावा लागला नाही. "गाडी! माले सगळं गाव वळखस. गाडी नवी शे!"

*

बिनडोक्याच्या फोटोंना कमेंट काय काय येतात! एकदा मोरपंखी साडीखाली कुणीतरी लिहिलं, "साडी ठीक. मॉडेल फार सुंदर."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मानेच्या वरचं काहीच नाही, ह्याला सुंदर काय दिसलं? ताईंनी मात्र फोन हातात घेतला, कमेंट दोनदा वाचली आणि लाजून लाल झाल्या.

"आमचे हे आहेत. चहाचा ब्रेक झालेला दिसतोय पलसाण्याला."

*

पण गंमत गंमत म्हणताना एकदा माझ्याकडूनच घोळ झाला. उभ्या स्टेटससाठी फोटो घाईत कापला, आणि वरच्या कडेला ताईंची हनुवटी राहिली! लक्षात येताच काढून टाकला, पण ताईंचा दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. डबासुद्धा उघडला नाही.

मी धीर दिला, "ताई, हनुवटी म्हणजे काही तोंड नव्हे."

"मग काय आहे?"

वाद पेटला. रसिकभाईंच्या मते तोंड ओठांपासून सुरू होतं. शेवटी सुतळी बांधता बांधता सुखदेवदादांनी निकाल दिला. "जठलगून दाढी करतस, तठलगून तोंडच!"

म्हणजे हनुवटीसुद्धा तोंडच ठरली! ताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला इतकं वाईट वाटलं, की पुढचे काही दिवस मी फोटो गळ्याच्याही खाली कापत होते. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, ब्लाउजचा गळा दाखवा!

*

आणि मग एके दिवशी सासूबाईच आल्या!

त्यांच्या भाच्याचं लग्न ठरलं होतं. बस्ता सुरतेहून घ्यायचा, आणि सून कापडाच्या पेढीत असताना दुसरीकडे कशाला जायचं? कळवलं नाही, विचारलं नाही, गावाहून थेट आमच्या ऑफिसात. डोक्यावरचा पदर सावरत दारात उभ्या. ताईंच्या हातातलं बिल खाली पडलं.

मी झटकन कॉम्प्युटरची स्क्रीन बंद केली. स्क्रीनवर ताईच होत्या, मानेपर्यंत.

सासूबाईंनी पाणी घेतलं. बस्त्याचं काही बोलल्याच नाहीत. सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "फोटोवाली कोन शे?"

सुखदेवदादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. देव त्यांचं भलं करो!

सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि पुढे धरला. त्यांचा स्वतःचा डीपी. गोलात आमची मोरपंखी साडी. खांद्यापासून निऱ्यांपर्यंत मीनाक्षीताई.

"आई, ती मी नाही..." ताई कशाबशा बोलल्या.

"चूप! हात वळखस मी. भाकरी थापनारा हात शे हाऊ."

रसिकभाई केबिनच्या दारात उभेच राहिले. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज कडक.

"गावन्या बाया माले हासतस. म्हनतस, तुनी वहू बिनडोकी शे का? कवयनी मी बोट घसी राह्यनू हाऊ फोटोवर. वर घसं, खाले घसं, वहूनं डोकं काही गोलमा येस नई!"

त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला.

"तू शिकेल शे ना, माय? तेवढं डोकं खाले वढी दे!"