तो युद्ध, ते युद्ध

ब्रिस्टलला मुलाच्या घरी एका रविवारी नातीने मला एक जुना संगीतपट दाखवला. ती साउथहॅम्प्टनला नर्सिंग शिकते. सुट्टीला आली होती. पडद्यावर केस वाढवलेली, अनवाणी मुले-मुली बागेत फेर धरून गात होती. सरकार त्यांना लढायला बोलावत होते आणि त्यांना जायचे नव्हते. मध्येच त्यांनी भगवंताचे नाव गायला आरंभ केला. उच्चार भ्रष्ट, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही; तरीही माझे हात आपोआप जोडले गेले.

चित्रपट संपला तेव्हा नातीचे डोळे ओले होते. मुलगा विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. लढाऊ विमानाच्या पंखांचे काम त्याला नुकतेच देऊ केले होते आणि होकार-नकार दुसऱ्या दिवशी कळवायचा होता.

"बाबा, तू नाही म्हण ना," ती म्हणाली. "तो युद्ध आपला नाही."

मुलगा हसला. "बाईसाहेब, आधी 'ते युद्ध' म्हणायला शिका, मग बंद पाडा. विचार हवं तर आजोबांना."

"आजोबा?"

तिचा प्रश्न व्याकरणाचा नव्हता, हे मला कळत होते. परंतु जन्मभर विद्यार्थ्यांना संस्कृत शब्द चालवून दाखवणारी जीभ आधी वळली. "नपुंसकलिंगी, बाळा. ते युद्ध. युद्धम्, युद्धे, युद्धानि."

"फाइन," ती म्हणाली. "मग इंग्लिशमध्ये सांगते." आणि ती भराभर बोलत सुटली. मला त्यातले 'चिल्ड्रन' एवढेच उमगले. मुलाचे हसू मात्र मावळले.

त्याने ते काम स्वीकारले.

ती अजूनही दर रविवारी फोन करते, अतिशय नम्रपणे, आणि केवळ इंग्रजीत. पूर्वी विचारायची, "आजोबा, तुमचा पूजा झाला?" मी म्हणे, "तुमची पूजा झाली." ती खिदळून पुढच्या रविवारी तीच चूक करी. तिच्या त्या अशुद्ध मराठीत माझ्यासाठी किती जागा होती, हे मला शुद्धतेच्या आग्रहापायी दिसलेच नाही.

परवा ती फोनच्या स्पीकरवर बराच वेळ बोलली. मुलगा मान खाली घालून ऐकत होता.

"काय म्हणाली रे?" मी विचारले.

"बरी आहे म्हणते," तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.