गोळी घेता का?

आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे 'दोनदा' म्हणायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन तो प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न दोनदा विचारायचा, "दुखण्यावर गोळी घेता का?" पेशंट वैतागायचे. मी म्हणायचे, "बाबा रे, मागणी घालतोयस की काय?" तो हसायचा आणि फॉर्मवर खूण करायचा.

ऑपरेशनमधल्या चरबीचा छोटा तुकडा, पेशंटच्या संमतीने, आमच्याकडे यायचा. हा 'दोनदा' त्यातल्या पेशी सुट्या करायचा. प्रोस्टाग्लँडिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ शरीर स्वतःच बनवतं. चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला तो ब्रेक लावतो, आणि तो ब्रेक किती जोराचा हे आम्ही मोजायचो. पण दुखण्याच्या गोळ्या हा पदार्थ बनूच देत नाहीत. म्हणून तो प्रश्न.

मग त्याच्या थोरल्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. पोट उघडलं तर गाठ सगळीकडे पसरलेली. सर्जन म्हणाले, "सहा महिने आधी का नाही आणलंत?" हा म्हणाला, "तिला काही त्रासच नव्हता हो!"

तिच्या चरबीचा तुकडा त्यानेच आणला, हट्टाने. आकडे आले, तर ब्रेकचा पत्ताच नाही, एन्झाइम सुसाट. "माझ्याच हातून काहीतरी चुकलं," म्हणत त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी फॉर्म काढला. गोळ्या: नाही.

"विचारलं होतंस ना रे?"

तो म्हणाला, "ताईला काय विचारायचं? तिचं साधं डोकं दुखलं तरी मला कळतं."

असा संताप आला मला! जगाला दोनदा विचारणारा हा शहाणा, आणि घरच्या माणसाला एकदाही नाही. हाताला धरून मी त्याला वॉर्डात नेलं.

"ताई, दुखण्यावर गोळी घेतेस का?"

"आठ महिने झाले. आधी एक, मग तीन-तीन."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तू दमून यायचास. चपला काढता काढता विचारायचास, 'बरी आहेस ना?' मग मी बरी म्हणायचे."

तो तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. तीच त्याला थोपटत राहिली.

परत येऊन त्याने फॉर्मवरचं 'नाही' खोडलं, 'हो' लिहिलं, खाली सही केली. नियमाप्रमाणे तो नमुना बाद झाला. दीड महिन्यात ताई गेली.