घशात अडलेली हाक

कृष्णनाथ मूळचा डिचोलीचा, पण नोकरी पेडण्याच्या एका हायस्कुलात, पीटीच्या मास्तराची. गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी मुलामुलींना मांद्र्याच्या समुद्रावर नेऊन पोहायला शिकवणारा आसपास तो एकटाच. सुरुवातीला त्याची शिकवणी म्हणजे निव्वळ दरारा. हात असा, पाय तसा, चुकलं की पुन्हा. तो स्वतः तसाच शिकला होता.

मग नोकरी सांभाळून बी.ए. करताना त्याने तत्त्वज्ञान घेतलं आणि सॉक्रेटिसपाशी अडकला. उत्तर हातात ठेवू नये, असं विचारावं की समोरच्याला ते स्वतःच सापडावं, हे त्याला फार पटलं. तेव्हापासून तो हुकूम सोडायचा बंद झाला. कमरेएवढ्या पाण्यात मुलांना उभं करून विचारायचा, ‘पाणी तुला कुठे नेतंय? तुझ्या हातात काय आहे?’ आईबाप कुजबुजायचे, मास्तर शिकवतो की परीक्षा घेतो? धाकधूक त्यालाही होतीच. वर्गात ऐकलेला विचार समुद्रात तगेल, याची हमी कोण देणार?

एका सकाळी नववीतली शेवंती बघता बघता आत ओढली गेली. ती किनाऱ्याकडे हात मारत होती आणि तरीही लांब चालली होती. कृष्णनाथ छातीभर पाण्यात धावला, पण आपण पोचत नाही हे त्याला कळून चुकलं. ‘इकडे ये’ असं ओरडायला त्याने तोंड उघडलं. आवाज फुटेना. पाय वाळूत रुतलेले. तेवढ्यात तिचे हात थांबले. लाटेमागे डोकं गेलं.

ते पुन्हा दिसलं तेव्हा शेवंती उताणी तरंगत होती. मग ती कुशीवर वळली आणि किनाऱ्याला समांतर, शेजारच्या आश्वे गावाच्या दिशेने हळूहळू पोहू लागली. तो वाळूवरून धडपडत तिच्याबरोबर धावला. ती बाहेर आली, खारं पाणी ओकली आणि थरथरत बसून राहिली.

जरा दम खाल्ल्यावर तिने सांगितलं, मास्तरांनी हाक मारली असती तर ती सरळ त्यांच्याकडेच पोहली असती आणि ओढ नेमकी तिथेच होती.

“मग कोणाचं ऐकलंस?”

“कोणाचा नाय. पाणी खंय नेता ता बगलंय.”

गावात मास्तराच्या धीराची वाहवा झाली. पोरीवर केवढा विश्वास, म्हणे. ते ऐकून तो मान खाली घालून पुढे निघून जायचा. पुढच्या सुट्टीला त्याने सगळ्या मुलांना वाळूत बसवलं.

“मी मुद्दाम गप्प राहिलो नव्हतो,” तो म्हणाला. “घाबरलो होतो. आवाज फुटला असता तर शेवंती आज इथे नसती.”

शेवंती नखाने वाळू उकरत राहिली.

पोहायला शिकवणं त्याने बंद केलं नाही, प्रश्नही सोडले नाहीत. फक्त पहिला प्रश्न आता पाण्यात उतरण्याआधी असायचा आणि मुलं पोहायची तेव्हा तो त्यांच्या पलीकडे, खोल बाजूला, कमरेला दोर बांधून उभा राही. एखादं डोकं लाटेआड गेलं की दिसेपर्यंत त्याचा श्वास अडकायचा. ते मात्र निवृत्तीपर्यंत गेलं नाही.