सत्कार खाली, चित्र वर

धाकट्या बहिणीचे पाय लहानपणीच पोलिओने गेले. नव्वदच्या दशकात विरारच्या एका प्रदर्शनात तिचं चित्र लागलं, म्हणून तिला फुलपाड्याहून रिक्षाने नेलं. प्रदर्शन दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उचलून नेलेलं तिला चालत नसे. आयोजकांनी म्हणे तिची सोय बघितली होती. सत्कार खालीच, जिन्यापाशी ठेवला. शाल, श्रीफळ, तिच्या जिद्दीवर लांबलचक भाषण. टाळ्या वाजवून सगळे चित्रं बघायला वर गेले. मीही जाऊन आले. मांडीवर नारळ घेऊन ती तिथंच बसली होती.

"ताई, भिंतीवर कसं दिसतं गं ते?"

घरी ती जमिनीवर कागद पसरून चित्रं काढायची. आपलं चित्र भिंतीवर लागलेलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं.